गालिच्यावरचं शेत

शारजा, ९ फेब्रुवारी

कॅमिला,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, कारण आत्ता तसं वाटत नाही. तू मला ब्लॉक केलंयस, माझ्या नवऱ्याच्या, बर्नार्डच्या फोनवरून लावला तरी उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. पाकीट रॉयडनच्या कंपनीच्या पीओ बॉक्सवर पाठवतेय. तुझ्या नवऱ्याने आधी फोडलं तर फोडू दे. म्हणूनच एक गोष्ट मी यात लिहिणार नाही. कोणती, ते तुला ठाऊक आहे.

गुरुवारी दुपारी तू माझ्या घरात आलीस आणि ॲशलेचे कपडे कपाटातून ओढून बॅगेत कोंबलेस. तुमच्या तिकडे रुवैसच्या शाळेत जागा मिळत नव्हती तेव्हा तूच म्हणाली होतीस, "ॲना, तू त्याच शाळेत असिस्टंट आहेस, एका बसने जाल-याल, पोरगी राहू दे तुझ्याकडे." ऑगस्टपासून ती माझ्या पोटच्या पोरीसारखी राहिली. आणि जाताना तू तिला मला साधं बाय म्हणू दिलं नाहीस. तिचा टूथब्रश अजून बेसिनवर आहे.

पण मी त्यासाठी लिहीत नाहीये. मी त्या व्हिडिओसाठी लिहितेय.

मला किळस आली, कॅमिला. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. पॅरेंट्सच्या ग्रुपवर तुझा व्हिडिओ उघडला, खाली तुझे ते रडणारे चेहरे, आणि तुझं इंग्लिश: लहान मुलांसमोर एका टीचरने कोंबडीच्या पिल्लाची मान मोडली, हे आमच्या मुलांना आयुष्यभर विसरता येणार नाही. "ट्रॉमा" लिहिलंस. तू! भुईगावच्या आपल्या परसात शनिवारी संध्याकाळी कोंबडी कोण धरायचं? मी नाही. माझे हात थरथरायचे म्हणून आई तुलाच हाक मारायची. मुंगसाने पिल्लू अर्धवट चावून टाकलं होतं, मी रडत बसले होते, तेव्हा तू फ्रॉकला हात पुसत आलीस, ते उचललंस आणि संपवलंस. अकरा वर्षांची होतीस. म्हणालीस, "तडफडत होतं ना गं." बस, एवढंच. आणि जाऊन आईला विहिरीवर पाणी काढू लागलीस.

मिस ऑर्लाने यापेक्षा वेगळं काय केलं?

तू तिला फक्त व्हिडिओपुरतं ओळखतेस, म्हणून सांगते. ती आयर्लंडची. तिकडे पश्चिमेला, सारखा पाऊस पडतो त्या भागात तिच्या बापाच्या गाई आहेत. सप्टेंबरात ती आमच्या वर्गावर आली. मधल्या सुट्टीत पोरं काय करायची, तर कोपऱ्यात बसून लपवलेल्या स्मार्टवॉचवर गेम खेळायची, नाहीतर एकमेकांना ढकलायची. ऑर्लाने ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बूट-पॉलिशच्या रिकाम्या डब्या घेऊन आली. त्यात वाळू भरली, झाकण लावलं, फरशीवर खडूने चौकोन आखले आणि एका पायावर उड्या मारत डबी पुढे सरकवायला लागली. मी बघतच राहिले. आपली ठिकरी! मी सांगितलं, आम्ही कौलाच्या तुकड्याने खेळायचो. म्हणाली, मग उभी का, ये की. पंचेचाळिशीची मी, सगळ्या पोरांसमोर लंगडी घालत होते.

मग पाच खडे. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे. आपले सागरगोटेच. ते मात्र तिला माझ्याइतके जमत नव्हते, हरली की चिडायची. बदामाच्या झाडाखालची सुकी फळं दोऱ्यात ओवून एकाने दुसऱ्याच्या फळावर मारायचं, ज्याचं फुटलं तो हरला, हा त्यांच्याकडचा खेळ. शाळेमागच्या पार्कात तिने पोरांना सुक्या गवताची दोरी वळायला शिकवली. एकाने गवत पुरवत राहायचं आणि दुसऱ्याने काठीला पीळ देत मागे मागे चालायचं. ॲशले मागे चालता चालता कचऱ्याच्या डब्यावर आपटली आणि एवढी हसली की तिला उचकी लागली. त्याच दोरीवर पोरं उड्या मारायची. रबरी हातमोज्यात पाणी भरून, बोटांना टाचणीने भोकं पाडून दूध काढायला शिकवलं: वरून दाबायचं, मग एक-एक बोट खाली, ओढायचं नाही. गोणपाटात बटाटे लावले होते. तुझी पोरगी माझ्या बाल्कनीत कोथिंबीर लावून रोज माती उकरून बघायची, उगवली का.

हे सगळं तुला सांगितलं होतं. तू "हो का, छान" म्हणून विचारायचीस, मॅथ्सचा ग्रेड काय आला.

मग प्रिन्सिपल मॅडमना वास लागला की पॅरेंट्सना हे आवडतंय. झाला 'फार्म डे'. पुढचं काय सांगू, तू तिथेच होतीस, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस. बाकी पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता हात दुखतोय आणि तोंड कडू झालंय.

ॲना


शारजा, १४ फेब्रुवारी

कॅमिला,

रॉयडनचा फोन आला होता. पत्र त्यानेच आधी वाचलं. आवाज खाली करून म्हणाला, "ॲना, ॲशले नीट जेवत नाही. दिवसभर हात धूत असते. विचारलं तर म्हणते, नथिंग, डॅडा. नक्की काय झालं तिकडे? कॅमिला सांगत नाही."

मी म्हटलं, तुझ्या बायकोला विचार. त्याला मी तोंडाने सांगणार नाही. पण तुला आता सरळ लिहिते, त्याने आधी वाचलं तरी चालेल, कारण पोरगी जेवत नसेल तर लपवून काय फायदा.

त्या दिवशी मैदानावर हिरवा प्लास्टिकचा गालिचा अंथरला होता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गवताचे भारे, का तर मुलांचे कपडे खराब नकोत. फायबरची गाय, तिच्या पोटात बटण दाबलं की पांढरं पाणी. ऑर्लाची बटाट्याची गोणपाटं "मेसी" दिसतात म्हणून कॅन्टीनमागे टाकलेली. आणि मधोमध जाळीच्या खोक्यात ती पिल्लं: गुलाबी, निळी, पोपटी, रंगात बुडवून काढलेली. काहींचे डोळे रंगाने चिकटले होते. ऑर्ला सकाळीच मॅडमकडे गेली. मी बरोबर होते. "ही पिल्लं मुलांच्या हातात द्यायची नाहीत, परत पाठवा," म्हणाली. मॅडम हसल्या. "ऑर्ला डिअर, फॅमिलीज लव्ह कलर."

इव्हेंट कंपनीचा तो निखिल, कानाला माइक लावलेला, तो मुलांच्या हातात एकेक पिल्लू देत होता. तू पहिल्या रांगेत फोन धरून उभी. मी पलीकडे उड्यांसाठीच्या गवताच्या दोरीचं एक टोक धरलेलं, दुसरं टोक ऑर्लाकडे. आणि निखिल ओरडला, "यल्ला किड्स! स्लो-मोशन लेंगे! वन, टू, थ्री, फ्लाय!"

मुलांनी पिल्लं वर फेकली. मोठी माणसं हसत होती, कॅमिला. टाळ्या वाजवत होती. एवढ्याशा पिल्लाला उडता कुठे येतं?

बाकीची गालिच्यावर पडली. गुलाबी जे होतं ते गायीच्या लोखंडी चौथऱ्यावर आपटलं.

ते ॲशलेच्या हातातलं होतं. मी बघितलं. तूही बघितलंस. तिचे हात अजून वर होते आणि चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, ते जायलाच विसरलं होतं.

त्या पिल्लाचे पाय उलटे झाले होते आणि चोच उघडमीट करत होती. मुलांनी गोल केला. निखिल म्हणाला, "कोई बात नहीं, दूसरा ले लो." ऑर्ला दोरी टाकून धावत आली, गुडघ्यावर बसली, पिल्लू उचललं, मुलांकडे पाठ केली आणि एका झटक्यात ते संपवलं. मग दोन्ही हातांत झाकून ते छातीशी धरून बसली. तुझा व्हिडिओ तिथे सुरू होतो, तिच्या पाठीपासून. खांद्याचा झटका दिसतो, आवाज येतो, आणि संपतो.

आधीचं कुठे गेलं? कापलंस. कारण आधीच्यात तुझी मुलगी आहे.

मला हे त्याच क्षणी कळलं होतं. म्हणून मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. लोकांना वाटलं, मीसुद्धा ऑर्लाच्या विरुद्ध आहे. वाटू दे.

बाकीच्या पिल्लांचं काय झालं, ते तुझ्या ग्रुपवर कोणी विचारलं का? कार्यक्रम संपल्यावर खोक्याला टेप लावून ते कॅन्टीनमागे ठेवलं. न्यायला कोणी आलं नाही. सोमवारी शाळा उघडली तेव्हा वासाने कळलं. मी उघडलं ते खोकं. रंग तसेच होते. सगळं चिकटून एक गोळा झाला होता, त्यात गुलाबी, निळं, पोपटी. मी तिथेच भिंतीला धरून ओकले. क्लीनरने ते उचलून कचऱ्यात टाकलं. एकाही आईने त्यासाठी रडणारा चेहरा टाकला नाही.

त्याच दिवशी मीटिंग झाली. मॅडम, एचआरची बाई आणि मी. मॅडमनी विचारलं, "ॲना, मुलांनी पिल्लं फेकली असं ऑर्ला म्हणते. तू बघितलंस का?"

"बघितलं. त्यांना फेकायला सांगितलं तेही बघितलं. निखिलने सांगितलं."

"कोणत्या मुलाचं पिल्लू होतं?"

"ते मी सांगणार नाही. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मुलांनी केलं. मुलाचं नाव कशाला हवं?"

"नाव नसेल तर हे फक्त तुझं म्हणणं झालं."

"एवढे पॅरेंट्स उभे होते. विचारा त्यांना."

विचारलं असेल. कोणाला काही दिसलं नव्हतं. सगळेजण नेमके त्याच वेळी चहा घ्यायला गेले होते म्हणे. मला आता त्या शाळेच्या गेटमधून आत जाताना घाण वाटते, पायाला काहीतरी लागल्यासारखं.

काल कॅरफूरमध्ये अवनीची आई भेटली, मंजुषा, पुण्याची, तुझ्या व्हिडिओखाली पहिली कॉमेंट टाकणारी. मला भाजीच्या रॅकमागे ओढलं. "ॲना, खरं सांगू? तू बरोबर होतीस गं. तिने बिचारीने त्याचे हाल संपवले. पण माझं नाव कुठे घेऊ नकोस हं. अवनीच्या छोट्या भावाची ॲडमिशन आहे यंदा." आणि माझा हात दाबला. मी घरी येऊन हात धुतला. मग ॲशले आठवली आणि नळ बंद केला.

मॅडमनी ऑर्लाला सांगितलंय, स्वतःहून रिझाइन कर, मग रिपोर्टमध्ये काही लिहिणार नाही. महिनाअखेर तिची नोकरी खलास. ती मुलाचं नाव का सांगत नाही? तिला माहीत नाही म्हणून, असं मला वाटतं. ती दोरीच्या दुसऱ्या टोकाला होती, तिचं लक्ष नसेल.

पूर्ण व्हिडिओ टाक, असं मी म्हणत नाही. ॲशलेला कोणासमोर उभं करायचं नाही, ते मलाही मान्य आहे. पण तू एक ओळ लिहू शकतेस. "ही बाई बरोबर होती, मी अर्धंच दाखवलं." तुझ्या हाताने. त्यात ॲशलेचं नाव येत नाही.

लिही.

ॲना


शारजा, २३ फेब्रुवारी

कॅमिला,

काल तू फोन केलास, बरं झालं. पण इतकी ओरडत होतीस की माझं एकही वाक्य पूर्ण झालं नाही. म्हणून ते इथे पूर्ण करते.

ॲशलेने तुझ्या फोनवरून मला लावला, तुझ्या नकळत, हे मी तिला शिकवलं नव्हतं. तिने विचारलं, "आंटी, द पिंक वन... वॉज दॅट माइन?"

मी काय सांगायला हवं होतं? तिला माहीत होतं. तिला फक्त बघायचं होतं की सगळी मोठी माणसं खोटं बोलतात की एखादी नाही. मी म्हटलं, "हो बाळा, तुझंच होतं. पण फेक म्हणून तुला त्या माणसाने सांगितलं."  मग म्हणाली, "ममा सेज इट वॉज फाइन बिफोर मिस टुक इट." पिल्लू बरं होतं आणि मिसने ते उगाच मारलं. तू तिला असं सांगितलंस!

मला तिथे खरी शिसारी आली. ग्रुपवरच्या बायकांना फसवलंस, ते एक वेळ ठीक, त्यांना फसवून घ्यायचंच होतं. पण ज्या पोरीने ते स्वतः बघितलं, तिला तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नको म्हणालीस? म्हणून ती हात धुते. तिच्या हातांना आठवतंय आणि आई म्हणते, तसं काही झालंच नाही.

तू किंचाळलीस, "तू माझ्या पोरीला खुनी ठरवलंस!"

नाही. कोणी कोणाला खुनी ठरवलं असेल तर तू ठरवलंस, एका बाईला, आणि तेही तिने जे केलं ते तुला स्वतःला करता येतं, तू केलेलं आहेस, हे माहीत असून.

मग तू रडलीस. म्हणालीस, "लोकांनी ॲशलेचे स्क्रीनशॉट काढले असते, ॲना. तुला ठाऊक नाही हे ग्रुप कसे असतात. मी घाबरले. मी आधी टाकलं म्हणजे कोणी दुसरं टाकणार नाही, असं वाटलं."

तुझी भीती समजते मला. हे मी मनापासून लिहितेय. तिथे दुसऱ्या कोणाच्याही फोनमध्ये ते असू शकत होतं. पण भीती पहिल्या दिवसाची. त्यानंतर रोज सकाळी उठून तू गप्प राहिलीस, लोकांचे "स्टे स्ट्राँग, ममा" वाचलेस, त्यांना हार्ट दिलेस. ते भीतीने नाही होत. ते तुला आवडलं.

इकडची हकिगत सांगते. माझी वर्गातून बदली झाली, आता मी बस-ड्युटीवर. सकाळ-दुपार पोरं मोजायची आणि बेल्ट लावायचे. ऑर्लाला शाळेचं घर सोडावं लागलं. फ्लाइटपर्यंत ती आमच्याकडे राहायला येणार आहे, ॲशलेच्या खोलीत. बर्नार्डने स्वतःहून सांगितलं, "येऊ दे. कोणीतरी तिच्याशी माणसासारखं वागायला नको?"

८ मार्चला, शनिवारी, ती जाते. संध्याकाळची फ्लाइट आहे. त्या दिवशी ॲशलेला घेऊन ये. तिला काय बोलायचंय ते तिला बोलू दे. तीन तासांचा रस्ता आहे. तिला घेऊन जाताना तू तो एका दमात कापला होतास.

ॲना


शारजा, ९ मार्च

कॅमिला,

तू येशील असं वाटलं नव्हतं. आलीस. पण खाली गाडीत बसलीस, एसी लावून, काळा चष्मा घालून. मी बाल्कनीतून बघत होते. ॲशले एकटी वर आली.

म्हणून वर काय झालं ते मलाच तुला सांगावं लागतंय.

ऑर्ला हॉलमध्ये जमिनीवर बसून बॅग भरत होती. ॲशले दारातच थांबली. आत बोलावलं तरी येईना. मग तिथूनच म्हणाली, एकदम, पाठ केल्यासारखं, "मिस, आय थ्रू इट. द पिंक वन. इट वॉज मी."

ऑर्ला म्हणाली, "मला माहीत आहे. मी तुझ्याकडेच बघत होते."

माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. तिला माहीत होतं! मीटिंगमध्ये, रिझाइन करताना, माझ्या घरी राहत असताना, पूर्ण वेळ. मला मी एकटीच ते सांभाळतेय असं वाटत होतं आणि समोर बसून ही बाई माझ्याबरोबर भाकरी खात होती.

ॲशलेने विचारलं, "देन व्हाय डिडन्ट यू टेल?"

ऑर्लाने हातातलं स्वेटर घडी करून ठेवलं. "तू आठ वर्षांची आहेस," ती म्हणाली. "मी चव्वेचाळीस."

बाकी काही नाही, कॅमिला. भाषण नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला मात्र किचनमध्ये जावं लागलं.

परत आले तेव्हा ॲशले तिच्यासमोर मांडी घालून बसली होती. विचारत होती, त्याला दुखलं का. ऑर्लाने खोटं सांगितलं नाही. "पडल्यावर दुखलं, खूप. मी उचलल्यावर नाही. ते पटकन करायचं असतं, आणि करणाऱ्याचा हात स्थिर लागतो. मला माझ्या आईने शिकवलं." ॲशले म्हणाली, "माझ्या ममालाही येतं का?" माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हटलं, "हो. तुझ्या वयापेक्षा थोडी मोठी होती तेव्हापासून. माझ्याहून चांगलं."  मग एवढंच म्हणाली, "ओके."

ऑर्लाने मोज्यांची जोडी गोळा करून तिच्या हातात दिली आणि पिल्लू कसं धरायचं ते दाखवलं. खालचा तळवा पसरून, पाय दोन बोटांच्या मध्ये, वरचा हात झाकणासारखा पण दाबायचा नाही. "आता चाल. आता वळ. आता मी धक्का देते, तरी पडलं नाही पाहिजे." तुझी पोरगी त्या मोज्याला धरून माझ्या पूर्ण हॉलमध्ये फिरली. बर्नार्डने मुद्दाम खुर्ची आडवी घातली. तिने वळसा घेतला. पडू दिला नाही. ऑर्ला म्हणाली, "फेब्रुवारीपासून एवढ्या हळुवार हाताने कोणी काही धरलेलं मी बघितलं नाही."

मग टॅक्सी आली. इफ्तारच्या आधीचा जॅम लागेल म्हणून बर्नार्ड घाई करत होता. ऑर्ला खाली उतरली तेव्हा तुझ्या गाडीसमोरूनच गेली. तू काच खाली केली नाहीस. तिने तुला बघितलं. ती थांबली नाही, पण मान हलवली, शेजारणीला हलवावी तशी. मला तिचा राग आला. मी असते तर काचेवर थुंकले असते.

तू आज सकाळी ग्रुपवर ती ओळ टाकलीस, ते मंजुषाने मला फॉरवर्ड केलं. "मी पूर्ण व्हिडिओ दाखवला नव्हता. टीचरने योग्य तेच केलं होतं." उशिरा टाकलीस, ती विमानात बसल्यावर, तिच्या काही कामाची नाही. शाळा तिला परत बोलावणार नाही, आणि मॅडमचा पुढच्या वर्षीचा फार्म डे ठरलाय. खाली कोणीही उत्तर दिलेलं नाही. तुझ्या आदल्या पोस्टला केवढे हार्ट आले होते, आणि आता ग्रुपमध्ये सामसूम आहे. आता तुलाही कळेल कसं वाटतं ते.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. तुझं नाव आलं की माझ्या तोंडात अजून तो खोक्याचा वास येतो. तो कधी जाईल, सांगता येत नाही. पण तू टाकलीस. कोणी सांगितलं म्हणून टाकलीस की ॲशले गाडीत बसल्यावर तुला काही म्हणाली म्हणून, हे मी विचारणार नाही. रॉयडन म्हणाला, रात्री तिने अंडं मागून खाल्लं.

तिची टर्म इथेच पूर्ण होऊ दे. पुढच्या सोमवारपासून बस-ड्युटीवर मी आहेच, तिचा बेल्ट मी लावीन. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी आणून सोड. पण या वेळी तिला खालून एकटीला वर पाठवू नकोस. तू वर ये, माझ्यासमोर बस, आणि माझ्या डोळ्यांत बघून दोन शब्द बोल. मग मी चहा देईन की दार लावीन, ते मला आत्ता माहीत नाही.

सातवा मजला. लिफ्ट चालू आहे.

ॲना